बायकोचा खांब

बान नोनदू, रोइएत, थायलंड
५ डिसेंबर

चि. लामदुआन हिस,
अ. उ. आ.

तुझा माणूस, प्रेबेन, पोचला. बसमधून उतरताना दाराला डोकं आपटलं, ते चोळत चोळत हसत होता. आईनं मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि पुढ्यात भाताची टोपली ठेवली. चिकट भाताचा गोळा कसा करायचा हे तुझ्या घरात त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही. निम्मा भात बोटांना आणि थोडा नाकाला. आई म्हणाली, एवढा मोठा माणूस आणि लहान मुलासारखा जेवतो. तेव्हापासून तीच त्याला गोळे करून देते.

घर पाहावं बांधून म्हणतात, पण बांधायला नवरा पुढे आणि बायको मागे, असं मी कुठे ऐकलं नव्हतं. तो निवृत्त झाला म्हणून मोकळा, आणि तुला तुझा माशांचा कारखाना वर्षभर सोडत नाही. तोवर हा आमच्याकडे राहणार, गवंड्यांशी बोलणार, आणि त्याचं बोलणं कुणाला कळत नाही म्हणून मी मध्ये उभी राहणार. असू दे. दुसरं काय काम आहे मला.

जमिनीचं म्हणशील तर आई रीत सोडत नाही. थोरलीनं लग्न करून वेगळं व्हायचं, धाकटीनं आईबापांपाशी राहायचं आणि घर-जागा धाकटीची. आपल्याकडे राहिली थोरली आणि डेन्मार्कला गेली धाकटी, तरी जागा धाकटीचीच. मी काही बोलत नाही. तू आलीस की कचेरीत जाऊन तुझ्या नावावर करायची. तो परदेशी, त्याच्या नावावर तर कायद्यानं ओंजळभर मातीसुद्धा होत नाही. सायतोंग मावशीनं तिच्या दुकानात सगळ्यांदेखत त्याला विचारलं, की विटा तुझ्या आणि माती बायकोची, मग ती रागावली तर विटा डोक्यावर घेऊन जाणार का. मी हातवारे करून अर्थ सांगितला. त्यानंही हातवाऱ्यांनीच सांगितलं, म्हणूनच तो तिला रागावू देत नाही. सगळं दुकान हसलं.

लाल मातीचे ट्रक आले आणि तुझी जागा उंच करून गेले. एवढी उंच, की आमच्या ओसरीवर बसून तुझ्या अंगणाकडे मान वर करून बघावं लागतं. पावसाळ्यात तुझं पाणी आमच्या घराखाली शिरणार, हे आत्ताच सांगून ठेवते. तुझ्या फरांगाला, गोऱ्या साहेबाला, तळघरही हवं होतं, बटाटे ठेवायला. भाताच्या खाचरात तळघर! सोमबत गवंड्यानं एक खड्डा खणून दाखवला. त्यात पाणी भरलं, बेडूक आले, तेव्हा विषय संपला.

फेब्रुवारीत खांब उभे करायचे. नवऱ्याच्या खांबाला नवऱ्याचे कपडे आणि बायकोच्या खांबाला बायकोचे, हे तुला ठाऊकच आहे. त्याचा शर्ट आहे इथे. तुझं नेसण पाठव. जरा चांगलं पाठव, सगळं गाव बघायला येणार आहे.

लोभ आहे तो असू दे. घर मोठं झालं म्हणून तो आखडू नकोस.

तुझी ताई
बुआफान


एस्ब्यर्ग, डेन्मार्क
८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ते कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि हसता हसता ठसका लागला. शेजारच्या बायका विचारायला लागल्या. बेडकांची गोष्ट डॅनिशमध्ये सांगून काही मजा येईना.

इथे दुपारीच अंधार पडतो. हातांना लागलेला माशांचा वास साबणानं जात नाही. घरी आले की प्रेबेनची खुर्ची रिकामी. मी एकटी बसून घराच्या चित्रात रंग भरते. चित्राची नक्कल सोबत पाठवली आहे, ती सोमबतला दे आणि त्याबाहेर एक वीटही लावू देऊ नकोस. स्वयंपाकघर घराच्या आत हवं, इथल्यासारखं. निळ्या फरश्या, खिडकीखाली मोरी, धूर नाही, कोंबड्या पायात नाहीत. मला जमिनीवर बसून काही कुटायचं नाही आता. तुलाही पुढे त्याचा उपयोग होईल. तू सकाळी आमच्याकडे यायचं, आपण उभ्यानं काम करायचं.

एक विचारायचं होतं. तो खरंच आपलं जेवण जेवतो? इथे मी पलाराची, आंबवलेल्या माशांची, बरणी उघडली की तो आधी खिडकी उघडायचा आणि मग बागेत जाऊन बसायचा. हिवाळ्यातसुद्धा. त्या वासात भिंती राहतील पण माणूस राहणार नाही, असं म्हणायचा. तुमच्याकडे पलाराशिवाय काय शिजतं? आई गोळे करून देते हे वाचून बरं वाटलं, आणि जरा कसंतरीही वाटलं.

तुझ्या पत्रात अधूनमधून हेवा डोकावतो, तो मला दिसतो हो. डोकावू दे. लहानपणी तुझे उतरलेले सिन नेसून मी शाळेत गेले. तुझ्या कमरेचे, तुझ्या ठिगळांचे. तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस माझं काहीतरी असं असेल, की ते आधी कुणाचं नसेल. हे घर तसं आहे.

खांबासाठी पार्सल टाकलं आहे. माझ्याकडचं सगळ्यात उत्तम वस्त्र आहे. गावाचे डोळे दिपले पाहिजेत.

आईला नमस्कार. माझ्या माणसावर लक्ष ठेव. लोभ ठेव, वाढला तर कळव.

तुझी
लामदुआन


बान नोनदू
१९ फेब्रुवारी

चि. लामदुआन हिस,
अ. उ. आ.

खांब उभे राहिले. तुला सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वाकडंतिकडं कळायला नको.

पार्सल वेळेत आलं. ते विधीच्या सकाळी सगळ्यांसमोर उघडायचं, असं आईनं ठरवलं होतं. पाहुणे जमले, सायतोंग मावशी पुढे बसली आणि आईनं दोरी कापली. आतून निघाला लाल लोकरीचा ओव्हरकोट, गळ्याला केसाळ पट्टी. अगं बाई, इथे ऊन कसं असतं हे विसरलीस की काय? विधी करणाऱ्या खामदी बाबांनी तो उलटापालटा केला आणि विचारलं की हे कोणत्या जनावराचं. तुझा नवरा इतका हसला की खाली बसला.

नवऱ्याच्या खांबाला त्याचा चौकटीचा शर्ट चढवला, ऊस बांधला, केळीची रोपं बांधली. बायकोच्या खांबाला कंगवा झाला, आरसा झाला, पावडरीचा डबा झाला. राहिलं नेसण. कोट गुंडाळून पाहिला, तर सोमबत म्हणाला की खांबाला घाम फुटेल आणि सिमेंट वाळायचं नाही. माणसं पोट धरधरून हसली. खामदी बाबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, घरची बाई इथल्या मातीत उभी राहायची आहे, तिला इथलं काहीतरी नेसवा. थंडीतली बाई म्हणून उभी केलीत तर हे घर जन्मभर कुडकुडेल.

मुहूर्त टळत चालला. मग आई उठली, दोरीवर वाळत घातलेला माझा हिरवा सिन तिनं ओढला, दोघी एकाच कुशीतल्या, चालतं, असं म्हणाली आणि खांबाला गुंडाळून मोकळी झाली. मी थांब म्हणणार होते. म्हटलं नाही.

खांबाला बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक प्रेबेनच्या हातात होतं. दुसरं टोक तुझं. तुझ्या जागी कुणीतरी हवं म्हणून ते मी धरलं. खांब सरळ उभा राहिला तसे सगळे ओरडले. तो माझ्याकडे वळून तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला कळलं नाही, मी मान हलवली.

कोट जपून ठेवला आहे. मांजराला फार आवडला आहे.

लोभाचं विचारशील तर तो इथे जागच्या जागी आहे.

तुझी ताई


एस्ब्यर्ग
१२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र पोचलं. एकदा वाचून बाजूला ठेवलं होतं, मग पुन्हा वाचलं. सगळे हसले ना? हसू दे. मी त्या कोटासाठी सबंध हिवाळा जास्तीचं काम केलं होतं. मला वाटलं, घराची बायको कशी दिसते ते गावानं बघावं.

पण कोटाचं मला काही नाही. आईच्या पेटीत सिन नव्हता? शेजारपाजारी नव्हता? माझाच एखादा जुना सापडला नसता? माझ्या घराच्या बायकोच्या खांबाला पुन्हा तुझंच उतरलेलं. लहानपणी माझ्या अंगावर होतं, ते आता सिमेंटवर आहे, आणि सिमेंटवरचं काही लहान होत नाही.

तू म्हणतेस थांब म्हणणार होते, म्हटलं नाही. का नाही म्हटलंस, ते लिहायचं राहिलं.

प्रेबेनच्या पत्रात त्या दिवसाबद्दल एवढंच आहे, की फार सुंदर समारंभ झाला आणि तुझी बहीण फार शांतपणे उभी होती. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल तो शांत हा शब्द कधी बोललेला नाही.

चित्राप्रमाणे काम चाललं आहे ना, ते कळव. लोभ असावा, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

लामदुआन


बान नोनदू
२३ एप्रिल

चि. लामदुआन हिस,
अ. उ. आ.

आपलं पाण्याचं नवीन वर्ष झालं. प्रेबेनला पोरांनी इतकं भिजवलं की चष्मा वाहून गेला आणि खालच्या अंगाला कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला. आईनं तुझ्या नावानं देवळात पाणी वाहिलं.

सिनवरून तू रागावलीस, ते मी गिळलं. का थांबवलं नाही, ते मलाही नीट माहीत नाही. आईचा हात चालला होता आणि मला बरं वाटत होतं, बस.

आता घराचं. छप्पर चढलं. पश्चिमेला त्याला भिंतभर काच हवी होती, भातावरचा सूर्यास्त बघायला. सोमबत म्हणाला, सूर्यास्त दिसेल पण बघणारा भाजलेला असेल. तिथे आता छोटी खिडकी आहे आणि वर मोठी वळचण. पायऱ्या त्यानं सम काढल्या होत्या, मी विषम करून घेतल्या. सम पायऱ्यांवरून भुतं चढतात हे तो गंमत म्हणून वहीत लिहितो, पण ऐकतो.

स्वयंपाकघराचं तुला आवडणार नाही. एक दिवस मी सुक्या मिरच्या परतत होते. तो नव्या घरातून शिंका देत बाहेर आला आणि म्हणाला, हे आत केलं तर आपण सगळे मरू. म्हणून स्वयंपाकघर मागच्या अंगणात गेलं, वर पत्रा, तिन्ही बाजू उघड्या. ओटा किती उंच करायचा म्हणून सोमबतनं विचारलं. तू नव्हतीस, मी होते, म्हणून माझ्या कमरेला दोरी लावून त्यानं माप घेतलं. निळ्या फरश्या मात्र तुझ्याच आहेत.

तो बोलायलाही शिकतोय, आपली लाओ बोली, शाळेतली नव्हे. रोज एक वाक्य मागतो आणि दिवसभर म्हणत फिरतो. परवा दुकानातून पिशवी घेऊन निघताना सायतोंग मावशीला म्हणाला, मावशी, भाव जरा जास्तच झाला. ती अजून सावरलेली नाही. आणि पलारा खातो. पपईच्या कोशिंबिरीत कमी पडला तर मागून घेतो.

रागावलीस तरी लिहीत जा. न लिहिणाऱ्यावर लोभ करणं मला जमत नाही.

तुझी ताई


एस्ब्यर्ग
२ जुलै

ताईस,

सायतोंग मावशीचं पत्र आलं. तिनं चांगल्या मनानंच लिहिलं असणार. ती लिहिते, घर देखणं झालं आहे आणि बुआफानला शोभतं. लिहिते, बाजारात फरांगाच्या मोटरसायकलवर मागे बुआफान बसलेली असते आणि नवीन आलेले शाळेचे मास्तर तिलाच त्याची बायको समजले. तिनंच म्हणे चूक दुरुस्त केली. तू केली नाहीस का?

मी त्याला किती वर्षं सांगत होते की माझी भाषा शीक. त्याला वेळ नव्हता. मी त्याची शिकले, त्याच्या आईची शुश्रूषा त्याच भाषेत केली, त्याच भाषेत भांडले. आता तो तुझ्याकडून रोज एक वाक्य मागतो. माझ्या बरणीला नाक दाबत होता, तो तुझ्या हातचं मागून खातो. ओटा तुझ्या कमरेचा, पायऱ्या तुझ्या, चूल तुझी, खांबाला नेसण तुझं. मग माझं काय आहे त्या घरात, फरश्या?

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. तुझा नवरा सौदीला गेला आणि परत आला नाही, हे माझं पाप नाही. टाकलेल्या बाईचं वस्त्र माझ्या खांबाला गुंडाळताना आईचे हात कसे चालले, कोण जाणे.

माती माझ्या नावावर होणार आहे, हे लक्षात असू दे. मी कारखान्याचा राजीनामा दिला आहे. पावसाळा संपताना येते. भिक्खूंचा वर्षावास संपला की गृहप्रवेश, आणि त्यानंतर माझ्या घरात मी.

लामदुआन


बान नोनदू
६ ऑगस्ट

चि. लामदुआन हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. तू बरी आहेस आणि लवकर येतेस, एवढंच सांगितलं. तिनं आनंदानं कोंबडी कापायला लावली. ती मी रांधली आणि सगळ्यांना वाढली.

आता ऐक. हो, मला हेवा वाटतो. तू पहिल्यांदा विमानात बसलीस त्या दिवसापासून वाटतो. तुझ्या पत्रांवरच्या तिकिटांचा, नळाच्या पाण्याचा, निळ्या फरश्यांचा. आई तुझं नाव घेताना जो आवाज काढते, त्याचा तर सगळ्यात जास्त. मी तिला न्हाऊ घालते, पाय चेपते, आणि मला ती हाक मारते ती पाण्यासाठी. त्या तुझ्या कोटाला सगळे हसले ना, त्यानंतर एका दुपारी घरात कुणी नसताना मी तो अंगात घालून आरशासमोर उभी राहिले. घामानं निथळत होते, पण काढवेना.

माझ्या नवऱ्याचं तू लिहिलंस, ते गावात सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलं आहे. तुझं तेवढं राहिलं होतं. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

राहिला तुझा नवरा. मोटरसायकलवर बसले, कारण सिमेंट, खिळे आणि फरांगाला फसवणारे दुकानदार, हे तिन्ही मीच सांभाळत होते. मास्तरांची चूक मी दुरुस्त केली नाही, हे खरं आहे. त्या वेळी ओझं हातात होतं म्हणून राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं ते तुला सांगते. तो सकाळी नव्या घराचं काम बघून आमचा जिना चढून वर येतो आणि मला विचारतो, झोप लागली का. मीच शिकवलेलं वाक्य, शब्द मोडके. पण मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं गं. आईनं नाही, ज्यानं विचारायला हवं होतं त्यानं नाही. एवढंच आहे. याच्यापलीकडे काही नाही, त्याच्या मनात तर एवढंही नाही. पण मला हे थोडं वाटत नाही, आणि म्हणूनच मी जाते.

माझा वीरयुत केव्हाचा रायोंगला बोलावतो आहे. आईला मुलाची चाकरी म्हणजे काय ते बघू दे म्हणतो. तू यायच्या आदल्या दिवशी मी निघेन. घर झालं आहे, फक्त दारांना रंग द्यायचा आहे.

आईला भात मऊ लागतो आणि मासा काटे काढून. ती झोपेत हाका मारते. उठायचं नाही, नुसती ओ द्यायची. रीतीप्रमाणे आई धाकटीची, तर घे.

लोभाचं तूच ठरव.

बुआफान


रायोंग
९ नोव्हेंबर

चि. लामदुआन हिस,
अ. उ. आ.

गृहप्रवेशाचं निमंत्रण मिळालं. तू स्वतःच्या हातानं लिहिलंस आणि वर आईचा अंगठा घेतलास, हे पाहिलं. मी येणार नाही. राग आहे म्हणून नाही. होता तो बसमध्ये निम्म्या वाटेवर संपला, पुढे नुसती झोप आली.

मी इथे मजेत आहे. वीरयुतच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये भाज्या चिरते. सगळ्या आपल्याकडच्याच बायका. एकीची सून वाईट आहे, एकीचा नवरा, आणि दिवसभर त्यांच्या गोष्टी चालतात. मुलानं मला शेजारची खोली घेऊन दिली आहे. खोली म्हणजे खुराडंच. पण दाराला आतून कडी आहे. पहिल्या दिवशी कडी लावली आणि आडवी झाले. कुणाची हाक येईना म्हणून दचकून उठले. मग आठवलं की हाक मारायला कुणी नाही, आणि पुन्हा झोपले, ती ऊन वर आल्यावर उठले. कामावर बोलणी खाल्ली.

सुटीच्या दिवशी समुद्रावर जाते. या वयात पाण्यात पाय घालून बसते आणि भाजलेले शिंपले खाते. हे सगळं तुला जळवायला लिहीत नाही. थोडं तसंही असेल.

आईला माझा नमस्कार. प्रेबेनला सांग, दक्षिणेकडच्या खोलीची पन्हळ तुंबते, पाऊस पडला की पानं काढायची.

लोभ इथे भरपूर आहे, मागवून घे.

तुझी ताई


बान नोनदू
१६ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गृहप्रवेश झाला. भिक्खू आले, मंत्र झाले, दारावर पांढऱ्या चंदनाची बोटं उमटली. सबंध गाव जेवलं. सायतोंग मावशी प्रत्येक खोलीत जाऊन पलंगावर बसून आली. सगळ्यांनी वाहवा केली. जागा माझ्या नावावर झाली. मागितलं होतं ते सगळं मिळालं, मोजून घ्यावं तसं.

आई माझ्याकडे राहायला आली. झोपेत हाक मारते ती तुझ्या नावानं. मी ओ दिली, तर डोळे मिटूनच म्हणते, तू नव्हे. सकाळी तिला काही आठवत नाही आणि माझे गाल कुरवाळत बसते. मासे मी वर्षानुवर्षं कापले, पण तिच्या ताटात एकदा काटा गेलाच.

परवा सकाळी प्रेबेननं मला विचारलं, झोप लागली का. आपल्या बोलीत, अगदी हेलासकट. एवढ्या वर्षांत त्यानं मला असं विचारलं नव्हतं. इतका गोड बोलला आणि मी त्याच्या अंगावर ओरडले. त्याला काही समजेना. ताई, तुला मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. तो सबंध परिच्छेद मला पाठ आहे. जेवताना आठवतो.

तुझ्या कडीच्या खोलीचं वाचल्यापासून मला चैन नाही. इथे खोल्याच खोल्या आहेत आणि प्रत्येक दारातून कुणी ना कुणी मला काहीतरी विचारतं. तू पाण्यात पाय घालून बसतेस! या वयात! पत्र प्रेबेनला वाचून दाखवलं तर तो म्हणतो, छान झालं. मला काही छान वाटलं नाही.

आता खरं लिहिते, मग तू हस. गृहप्रवेशाला माणसं हात फिरवून फिरवून भिंती बघत होती आणि मला काहीच होत नव्हतं. मी सारखी तुमच्या ओसरीकडे बघत होते. नंतर उमगलं. मी तिकडे थंडीत बसून घराचं चित्र काढायचे ना, ते दर वेळी त्याच बाजूनं काढायचे, तुमच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला दिसेल तसं. तू तिथे बसून बघावंस म्हणून. तुला हेवा वाटावा म्हणून मी हे घर बांधलं, ताई, आणि ओसरीवर कुणी नाही. झाडलोटही नाही. मी एकदा जाऊन झाडून आले आणि तिथून घर बघितलं. चांगलं दिसतं गं.

राहायला ये असं म्हणायचं तोंड मला नाही. बघायला तरी ये. लोभ होता तेवढा पुरे, वाढव असं म्हणत नाही.

तुझी
लामदुआन


रायोंग
११ जानेवारी

चि. लामदुआन हिस,
अ. उ. आ.

एप्रिलात, नवीन वर्षाला येते. वीरयुत बसमध्ये बसवून देईल. थोडे दिवसच राहीन, कँटीनमध्ये माझ्यावाचून मिरच्या कोण निवडणार. पाहुणी म्हणून येते, तेव्हा पाहुणीसारखं वागव. पाणी हातात दे आणि कामाला लावू नकोस.

ओसरीवर बसेन आणि तुझं घर सकाळच्या उन्हात आणि संध्याकाळच्याही, नीट बघेन. एक मात्र आधीच सांगून ठेवते. मागे मी तुला लिहिलं होतं तो हेवा इथे आल्यापासून शोधते आहे, तो सापडत नाही. खोटं कशाला बोलू.

पण काळजी करू नकोस. तू धाकटी आहेस. वाटला नाही, तरी वाटला असं म्हणेन, आणि सायतोंग मावशीसमोर म्हणेन.

लोभ आहे. त्याचं काही करावं लागत नाही.

तुझी ताई
बुआफान